येऊ घातलेल्या प्रोसेसरची पैसेवारी

(कामठी येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ कामठीत ही व्याख्यानमाला चालते त्यांचा विषय गणित होता, आणि उत्तर बरोबर आले तरी ते कोणत्या रीतीने आले हे तपासल्यावाचून ते पूर्ण गुण देत नसत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. त्यांच्या शिस्तीला साजेसा विषय निवडावा या हेतूने आजच्या काळातील एका सार्वत्रिक अनुमानाचा विचार मी आपणांपुढे मांडणार आहे. संगणकाचा पुढला प्रोसेसर केव्हा येणार, तो आजच्याहून किती सरस ठरणार, आणि तो बसवण्यासाठी दप्तरात आज उभे असलेले मदरबोर्ड आणि मेमरी मोडीत काढावी लागणार की काय, हे प्रश्न एके काळी केवळ हौशी तरुणांच्या बोलण्यात असत. आज ते शाळेच्या, पतसंस्थेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि लहानशा छापखान्याच्याही जमाखर्चात येऊन बसले आहेत, आणि त्यांची उत्तरे ज्या रीतीने काढली जातात ती रीत मला सदोष वाटते.

अनुमान ही त्याज्य वस्तू नव्हे. जेथे दरसाल खरिपाची पैसेवारी काढली जाते, तेथील माणसांना तर हे सांगण्याचे प्रयोजनच नाही. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी निघते, ती पिकाच्या दर्शनी स्थितीवरून. ऑक्टोबरअखेर सुधारित पैसेवारी येते. आणि पीककापणीचे प्रयोग होऊन, ठरावीक क्षेत्रातले धान्य प्रत्यक्ष कापून, मळून, तोलून झाल्यावर डिसेंबरअखेर जिल्हाधिकारी अंतिम पैसेवारी जाहीर करतात, ती पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचा विचार सुरू होतो. तीनही आकडे एकाच शिवाराचे आणि एकाच हंगामाचे असतात, परंतु त्यांचा दर्जा भिन्न आहे हे गावातील लहान खातेदारालाही ठाऊक असते. प्रोसेसरच्या व्यवहारातही असेच तीन दर्जे आहेत: पहिला, कारखान्याच्या आतून कर्णोपकर्णी आलेल्या वार्तेचा, दुसरा, कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या रोडमॅपचा, आणि तिसरा, चिप बाजारात आल्यावर कंपनीशी हितसंबंध नसलेल्या माणसांनी तिच्यावर खरोखरीचे काम चालवून घेतलेल्या मापांचा. माझी तक्रार अनुमानाविरुद्ध नाही, तर पहिल्या दर्जाच्या आकड्यावर तिसऱ्याचा शिक्का मारून त्याच्या आधारे खरेदीचे ठराव मंजूर करण्याच्या सवयीविरुद्ध आहे.

महाराष्ट्राच्या भूमीवर या विषयाची सर्वांत कठीण कसोटी पुण्यात लागली, आणि ती कथा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी यंत्र मिळाले ते हवामानाच्या कामापुरते आणि अनेक अटींनी बांधलेले, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवे असलेले यंत्र मिळालेच नाही. तेव्हा हे यंत्र देशातच घडवावे असे ठरून पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. विजय भटकर तिचे संचालक झाले, आणि 1988 साली तीन वर्षांची मुदत व सुमारे 30 कोटी रुपयांची तरतूद त्यांच्या हाती देण्यात आली. तीन वर्षांत स्वतःचा प्रोसेसर घडवणे अशक्य होते. म्हणून प्रश्न उरला तो निवडीचा, आणि निवड म्हटली की अनुमान आलेच.

निवड झाली ती ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरची. ब्रिटिश सरकारच्या भांडवलावर 1978 साली स्थापन झालेल्या या कंपनीने अशी चिप घडवली होती की तिच्यात गणना करणारे अंग, थोडीशी मेमरी आणि शेजारच्या चिपशी थेट बोलण्यासाठी चार जोडण्या असे सारे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर नांदत होते. एकटा ट्रान्सप्युटर क्रेच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. परंतु चार वाटा असलेल्या अशा चिपा शेजारी शेजारी मांडून, प्रत्येकीला कामाचा एक वाटा देऊन, मधले हिशेब त्या चार वाटांनी इकडून तिकडे पाठवता येत होते, आणि मोठ्या एका गणकाऐवजी लहान गणकांची फौज उभी करावी हा विचार त्या काळी जगभर जोर धरीत होता. सी-डॅकने टी-800 जातीच्या ट्रान्सप्युटरांची अशी फौज उभी केली, 1990 साली झुरिकच्या महासंगणक प्रदर्शनात तिचा नमुना मापून घेतला, आणि 1991 साली परम 8000 हे यंत्र मुदतीत सिद्ध झाले. त्याची एक प्रत मॉस्कोलाही बसवण्यात आली.

येथपर्यंतची कथा आपण शाळकरी पुस्तकांतून वाचतो. माझ्या विषयाच्या दृष्टीने खरा बोधक भाग याच्या पुढे आहे. 1991 साली इन्मॉसने टी-9000 या नव्या ट्रान्सप्युटरची घोषणा केली, आणि तो जुन्याच्या दहापट कार्यक्षम असेल असे सांगण्यात आले. घोषणा कंपनीची स्वतःची होती, म्हणजे माझ्या वर्गवारीप्रमाणे दुसऱ्या दर्जाची. तिच्यावर विसंबून जर्मनीतील आखेन येथील पार्सिटेक या कंपनीने आपल्या मोठ्या यंत्राचा आराखडा आखला. चिप लांबत गेली, आणि जी निघाली तिला ठरलेला वेग गाठता आला नाही. पार्सिटेकला आधी जुन्याच टी-805 वर यंत्र काढावे लागले, आणि पुढे गणनेसाठी पॉवरपीसी 601 हा परका प्रोसेसर घेऊन ट्रान्सप्युटरांकडे केवळ निरोप पोचवण्याचे काम सोपवावे लागले. ट्रान्सप्युटरासाठी खास घडवलेल्या ऑकॅम भाषेत ज्यांनी वर्षानुवर्षे प्रोग्राम लिहिले होते, त्यांचे श्रम चिपबरोबरच अडगळीत गेले. या गोष्टीची हळहळ मला आजही वाटते, कारण ती भाषा विचाराच्या दृष्टीने अतिशय निर्मळ होती.

पुण्यातील मंडळींनी या काळात जे केले त्याची जितकी प्रशंसा व्हावयास हवी तितकी अद्याप झालेली नाही, असे माझे मत आहे. परम 8600 मध्ये त्यांनी इंटेलचा आय-860 हा प्रोसेसर गणनेसाठी आणला. आणि 1994 साली दाखवलेल्या परम 9000 ची रचनाच अशी बदलली की नवा प्रोसेसर आला तर बाकीच्या यंत्राला धक्का न लावता त्याला आत घेता यावा. म्हणून त्या एकाच यंत्राच्या सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि डेक अल्फा अशा निरनिराळ्या प्रोसेसरांच्या आवृत्त्या निघू शकल्या. पुढला प्रोसेसर कोणता येणार याचे उत्तर त्यांनी दिले नाही, तर उत्तर काहीही आले तरी चालेल अशी चौकट बांधली. त्याच वर्षी चिपांनी परस्परांशी कसे बोलावे याचे एमपीआय हे सर्वमान्य प्रमाण जगात प्रसिद्ध झाले, आणि त्यानुसार लिहिलेला प्रोग्राम एका जातीच्या प्रोसेसरवरून दुसऱ्या जातीवर फारशा यातायातीविना नेता येऊ लागला. परमच्या वंशावळीकडे पाहा: ट्रान्सप्युटर, मग आय-860, मग 1998 च्या परम 10000 मध्ये अल्ट्रास्पार्क, मग जून 2003 च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत 171 वे स्थान मिळवणाऱ्या परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर-4, आणि 2008 च्या परम युवामध्ये इंटेलचा झिऑन. वीस वर्षांत पाच घराणी बदलली. यांतील प्रत्येक बदल आगाऊ ओळखणारा ज्योतिषी पुण्यात कोणी नव्हता. तरीही वंश खंडित झाला नाही, कारण जोडणीचे, प्रणालीचे आणि प्रोग्रामचे ज्ञान संस्थेच्या पदरी होते.

अनुमान चुकते ते केवळ ग्राहकांचे, असे नाही. इटॅनियम या प्रोसेसरच्या पाठीशी इंटेल आणि ह्यूलेट-पॅकार्ड या दोन मातब्बर कंपन्यांची प्रतिष्ठा होती, बाजाराचे भविष्य सांगणाऱ्या पेढ्यांनी त्याच्या विक्रीचे आकडे अब्जावधी डॉलरांत मांडले होते, आणि त्याच्या धास्तीने काही प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपले चांगले प्रोसेसर विकसित करणेही सोडून दिले; परंतु 2001 साली तो बाजारात आला तेव्हा जुने प्रोग्राम त्याच्यावर मंदगतीने चालत होते, आणि एप्रिल 2003 मध्ये एएमडीने ऑप्टरॉन आणला त्यात जुन्या प्रोग्रामांचा मान राखून नवी 64-बिटांची सोय केलेली होती. ग्राहक कोणत्या बाजूला गेले हे सांगावयास नको. 2021 साली इटॅनियमची शेवटची खेप रवाना झाली. गॉर्डन मूर यांच्या प्रसिद्ध भाकिताची मातब्बरी मला वाटते ती वेगळ्याच कारणाने: 1965 साली त्यांनी चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असे म्हटले, आणि 1975 साली अनुभव जमेस धरून स्वतःच ती मुदत दोन वर्षांवर नेली. नजरअंदाजाला सुधारित पैसेवारीने दुरुस्त करण्याचा हा प्रामाणिकपणा फार थोड्या भविष्यवेत्त्यांत आढळतो.

पुण्याच्याच आणखी दोन यंत्रांचा उल्लेख करतो, कारण ती दोन्ही शेजारी ठेवून पाहिली म्हणजे नवेपणाचे मोल किती आणि कोठपर्यंत हे स्पष्ट होते. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या कंपनीने उभारलेले ‘एका’ हे यंत्र नोव्हेंबर 2007 मध्ये सुमारे 118 टेराफ्लॉप वेगाने जगात चौथे आले. आपणां सर्वांना त्याचा अभिमान वाटला, आणि तो यथार्थ होता. जून 2008 मध्ये ते आठवे होते, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात तेरावे. यंत्रात या बारा महिन्यांत काही बिघडले नव्हते. जग पुढे सरकले होते. याउलट सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या तीन परम रुद्र यंत्रांचे सर्व्हर सी-डॅकने स्वतः आखले, पण त्यांत बसवलेले झिऑन प्रोसेसर मात्र त्या वेळी काही वर्षे जुन्या पिढीचे होते. त्या तीन यंत्रांपैकी एक नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे, आणि क्षणार्धात लोपणारे दूरच्या आकाशातील रेडिओ स्फोट शोधणे हे त्याचे एक काम आहे. त्या स्फोटांचा माग काढणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाला प्रोसेसर कोणत्या साली निघाला याच्याशी कर्तव्य नसते. आपला विदा साठवणीतून गणनेपर्यंत किती अखंडपणे वाहतो आणि उद्या यंत्र वाढवावयाचे झाल्यास चौकट तीच राहील की नाही, याच्याशी असते.

आता महासंगणकावरून आपल्या मेजावरच्या संगणकाकडे वळू. येथल्याच एका पतसंस्थेचे चिटणीस गेल्या पावसाळ्यात सीताबर्डीहून आणलेली दोन कोटेशने घेऊन माझ्याकडे आले होते. संस्थेचे संगणक 2016 सालचे, सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे. रोजकीर्द, ठेवीची खाती, कर्जाचे हप्ते हे सारे काम ते बिनतक्रार करीत होते. परंतु मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबवण्याचे जाहीर केले होते, आणि विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. अर्थात ज्या यंत्रांचा एकही भाग निकामी झाला नव्हता ती केवळ चौकट बदलल्यामुळे बाद ठरत होती. चिटणिसांच्या घरच्या तरुणांचे म्हणणे असे पडले की, पुढल्या वर्षी इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांचे नवे प्रोसेसर येणार आहेत, तोवर थांबावे. आणि खरेदी दिवाळीच्या पुढे तहकूब झाली.

त्या तरुणांचे लक्ष प्रोसेसरवर खिळले होते, आणि भाव हलला तो मेमरीचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांनी मेमरीच्या चिपा इतक्या प्रमाणात उचलल्या की 2025 च्या शरदात किरकोळ बाजारातील रॅमचे दर झपाट्याने चढले, आणि डिसेंबरात तर मायक्रॉन कंपनीने क्रूशियल या नावाने चालणारा आपला ग्राहकांसाठीचा व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले. संस्थेला तेच संगणक अधिक दाम मोजून घ्यावे लागले. या घटनेत कोणाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. तरुण मंडळी अभ्यासू होती आणि त्यांनी ऐकलेल्या वार्ताही निराधार नव्हत्या. परंतु संगणक म्हणजे एक प्रोसेसर नव्हे, तो अनेक अंगांचा समवाय आहे, आणि एका अंगाचे अनुमान बिनचूक असूनही खरेदीचा निर्णय चुकू शकतो, हे मी त्या निमित्ताने आपल्या ध्यानात आणून देऊ इच्छितो.

मग अशा संस्थेने कशाची चौकशी करावी? माझ्या मते पुढल्या चिपच्या वेगाआधी सॉकेटच्या, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर ज्या जागी बसतो तिच्या, आयुष्याची करावी. एएमडीचे एएम-4 हे सॉकेट 2016 साली आले, आणि 2024 मध्येही त्याच्यासाठी नवे प्रोसेसर निघत होते. मध्यंतरी 2020 साली काही जुन्या मदरबोर्डांवर नवी पिढी चालणार नाही असे कंपनीने सांगितले होते, आणि ग्राहकांची नाराजी पाहून काही दिवसांतच तो हुकूम मागे घेतला होता. म्हणजे जाहीर रोडमॅप हाही अखेरचा शब्द नव्हे. त्यानंतरचे एएम-5 सप्टेंबर 2022 मध्ये आले आणि 2027 पर्यंत व पुढेही ते चालवू असे कंपनीचे वचन आहे. त्याला डीडीआर-5 मेमरीच लागते. इंटेलचे एलजीए 1700 हे सॉकेट 2021 मध्ये येऊन तीन पिढ्या टिकले, ऑक्टोबर 2024 मध्ये एलजीए 1851 आले, आणि 2026 च्या अखेरीस यावयाच्या नोव्हा लेकसाठी आणखी नवे सॉकेट लागेल असा बोलबाला आहे. यांतील शेवटची गोष्ट नजरअंदाज आहे, वचनाचा भाग सुधारित आहे, आणि होऊन गेलेल्या वर्षांचा दाखला तेवढा अंतिम आहे. कोटेशनावर सही करण्यापूर्वी ही प्रतवारी कागदाच्या समासात लिहून ठेवली तरी पुष्कळ काम होईल. ज्यांना सध्या खरेदी झेपणार नाही त्यांच्या जुन्या यंत्रांवर लिनक्स सुखाने चालते, आणि आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर ब्राउझरमधून चालणारे असेल तर तो मार्ग कमीपणाचा मानण्याचे कारण नाही.

शेवटी एका अशा प्रोसेसरविषयी बोलतो ज्याचे अनुमान करताना माझे मन तटस्थ राहत नाही. सी-डॅकने ऑम या नावाने महासंगणकासाठी स्वतःचा प्रोसेसर आखला आहे. आर्मच्या निओव्हर्स व्ही-1 या गाभ्यावर आधारलेले 96 कोअर, प्रत्येकी 48 कोअरांचे दोन तुकडे जोडून केलेली रचना, तैवानच्या टीएसएमसीची 5 नॅनोमीटर प्रक्रिया, आणि प्रोसेसरच्या शेजारीच बसवलेली एचबीएम-3 जातीची वेगवान मेमरी, असा त्याचा जाहीर झालेला आराखडा आहे. हैदराबादची मॉसचिप आणि जपानची सोशिओनेक्स्ट या कंपन्या त्यात सहभागी असल्याचे 2024 साली प्रसिद्ध झाले. ट्रान्सप्युटर आयात करून आरंभ करणाऱ्या संस्थेने स्वतः आखलेल्या प्रोसेसरपर्यंत यावे याचा मला मनःपूर्वक आनंद आहे. परंतु आनंद झाला म्हणून मी माझी प्रतवारी सोडणार नाही. ही मापे आराखड्याची आहेत, म्हणून ती सुधारित पैसेवारीच्या रकान्यात जातात, आणि त्या रकान्यातून पुढे सरकण्यासाठी कोणते प्रश्न विचारावे हे टी-9000 च्या इतिहासाने आपल्याला दिलेले आहे: ठरलेला वेग सर्व कोअर एकदम राबत असताना टिकतो काय, मेमरीपर्यंतची वाट कोंडते काय, कंपायलर आणि गणिताची ग्रंथालये चिपच्या आधी तयार आहेत काय, आणि दुसऱ्या देशातील कारखान्यात जागा न मिळाल्यास पर्यायी तजवीज काय आहे. हे प्रश्न विचारणे म्हणजे स्वदेशी प्रयत्नाविषयी अनास्था दाखवणे असे कोणी समजू नये. ज्यांनी परम 9000 ची चौकट आखली त्यांनी हेच प्रश्न परक्या चिपांना विचारले होते.

नागपूर-कामठीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी मात्र त्या चिपची वाट पाहत बसण्याची गरज नाही. ऑम ज्या आर्म कुटुंबातील आहे त्याच कुटुंबातील प्रोसेसर आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या बोर्डावरही आहे. असे चार बोर्ड एका साध्या नेटवर्क स्विचने जोडले, प्रत्येकावर लिनक्स आणि एमपीआय बसवले, तर गणिताचे एक मोठे कोष्टक चार वाटे करून सोडवण्याचा प्रोग्राम पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी प्रयोगशाळेत लिहू शकतो. कोणता वाटा कोणासाठी थांबून राहतो आणि वेळ गणनेत जातो की निरोप पोचवण्यात, हे तो घड्याळ लावून मोजू शकतो. आणि ऑमचे यंत्र उभे राहून त्यावर वेळ मागण्याचे अर्ज निघतील तेव्हा आपला तोच प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून, आपल्या मोजणीच्या वहीसह, तो अर्ज करू शकतो.